वीत, वार आणि गोधडीचा चौकोन



गोधडीचे चौकोन जुळत नाहीत, ही तक्रार आमच्या महिला मंडळात दर थंडीच्या तोंडावर ऐकू येते. कापताना सगळे सारखे वाटतात. शिवायला घेतले की एक बोटभर पुढे जातो, दुसरा कोपऱ्यात तिरका बसतो, आणि शेवटची ओळ आपण ओढून-ताणून कशीबशी बसवतो. मग कोणीतरी विचारतंच, "काकू, पट्टी कोणती घेऊ?" पट्टीचं नाव दोन मिनिटांत सांगून होतं. पण माप या गोष्टीचं आपल्या धर्माशी आणि आपल्या पेढ्यांशी फार जुनं नातं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून आज सगळं एकदा लिहूनच काढते.

आधी हिशेब. बारा इंचांचा तयार चौकोन हवा असेल तर चारही बाजूंनी पाव इंच माया धरून साडेबारा इंचांचा कापायचा. आडवे सहा आणि उभे आठ असे अठ्ठेचाळीस चौकोन जोडले की ७२ बाय ९६ इंचांची गोधडी होते. आता प्रत्येक चौकोन फक्त एक अष्टमांश इंचाने मोठा राहिला असं समजा. डोळ्याला ते दिसतही नाही. पण आठ चौकोनांच्या ओळीत तो फरक पूर्ण एक इंच होतो. शेजारच्या ओळीत तेवढेच चौकोन बारीक असतील तर दोन ओळींत दोन इंचांचं अंतर. मग ती गोधडी अंथरली की मध्ये फुगते आणि कडेला लाटा येतात. बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं की ताळेबंदात एक रुपयाचा फरक निघाला तरी तो शोधायचा, कारण एका रुपयाच्या मागे दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. चौकोनांचंही तसंच आहे.

जोडकाम शिवून झालेला चौकोन नेमक्या मापाला आणि काटकोनात कापून घ्यायचा, याला आमच्याकडचे शिंपी "गुण्यात आणणं" म्हणतात. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. चारही बाजू साडेबारा भरल्या म्हणजे चौकोन बरोबर आला, असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नसतं. चारही बाजू सारख्या असून चौकोन पतंगासारखा कलू शकतो. त्याची परीक्षा कर्णाने होते. साडेबारा इंचांच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण साधारण १७.७ इंच भरले पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे एकमेकांइतके भरले पाहिजेत. कोपरा एका अंशाने जरी कलला तरी दोन कर्णांत पाव इंचाहून जास्त फरक पडतो. म्हणजे बाजू मोजून जी चूक सापडत नाही, ती कर्ण मोजून लगेच सापडते.

हे गणित परदेशी पुस्तकांतलं नाही बरं का. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, म्हणजे नवव्या शतकात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांचा 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ १९१२ साली मद्रासला इंग्रजी भाषांतरासह छापला गेला. त्यात क्षेत्रफळाचं प्रकरण आहे आणि त्याचे सरळ दोन भाग केले आहेत: एक व्यवहारापुरतं गणित आणि दुसरं सूक्ष्म गणित. चार बाजूंच्या आकृतीचं व्यवहारापुरतं क्षेत्रफळ काढायचं तर समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. शेताचा अंदाज घ्यायला ते पुरतं. पण कललेल्या चौकोनाला हा नियम लावला तर तो काटकोनी चौकोनाइतकाच भरतो, कारण या हिशेबात कोपरा कुठे येतच नाही. महावीराचार्यांना ही मर्यादा माहीत होती, म्हणूनच त्यांनी सूक्ष्म भाग वेगळा ठेवला. ग्रंथाच्या सुरुवातीला गणित कुठे कुठे उपयोगी पडतं ते सांगताना त्यांनी स्वयंपाकशास्त्राचंही नाव घेतलं आहे. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. घरकामाला गणिताच्या यादीत जागा देणारा माणूस अकराशे वर्षांपूर्वी आपल्यातच होता.

आता त्याहून मागे जाऊ. आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात साधू-साध्वींनी वस्त्र कसं घ्यावं याचा विचार आहे. तिथे साध्वींसाठी चार संघाटी, म्हणजे अंगावर घ्यायची वस्त्रं, सांगितली आहेत. एक दोन हात रुंद, दोन तीन-तीन हात रुंद आणि एक चार हात रुंद. दोन हातांची उपाश्रयात वापरायची, तीन हातांच्या दोनपैकी एक गोचरीला आणि एक बाहेर जाताना, आणि चार हातांची समवसरणासाठी, असा खुलासा टीकाकारांनी केला आहे. पण मला जे थांबून वाचावंसं वाटलं ते पुढचं आहे. एवढ्या रुंदीचं कापड मिळालं नाही तर काय करायचं? एक तुकडा दुसऱ्याला शिवून जोडायचा आणि माप पूर्ण करायचं, असं तिथे सांगितलं आहे. मोठं कापड मागत फिरायचं नाही, नवं विणून घ्यायचं नाही. आहेत ते तुकडे जोडायचे, पण मापाला जोडायचे.

आपण जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडतो तेव्हा त्याला काटकसर म्हणतो, कधी हौस म्हणतो. आचारांगात ती मर्यादा आहे. आणि बघा, मर्यादा म्हटली की माप आलंच. माप नसतं तर "थोडं मोठंच घेऊ" म्हणायला कोणीही मोकळं राहिलं असतं.

हात म्हणजे कोणाचा हात, हा प्रश्न साहजिक येतो. त्याचा विचार अनुयोगद्वार सूत्रात आहे, आणि स्थानकवासी परंपरेत तर ते बत्तीस आगमांत, मूळसूत्रांमध्ये धरलं जातं. तिथे मापांची सगळी पायरी लावून दिली आहे. सहा अंगुलांचा पाद, दोन पादांची वितस्ती म्हणजे आपली वीत, दोन विती म्हणजे रत्नी किंवा हात, दोन हातांची कुक्षी आणि दोन कुक्षींचं धनुष्य. म्हणजे हात चोवीस अंगुलांचा आणि धनुष्य शहाण्णव अंगुलांचं. पण अंगुल एकच नाही, तीन आहेत. आत्मांगुल म्हणजे ज्या काळातली माणसं त्या काळाचं, त्यांच्या स्वतःच्या बोटाचं माप. उत्सेधांगुल ठरावीक आहे, ते जवाच्या दाण्यावरून येतं: आठ यवमध्यांचं एक अंगुल. आणि प्रमाणांगुल त्याहून कितीतरी मोठं, द्वीप-समुद्र मोजायचं. कशाला कोणतं अंगुल लावायचं तेही सांगितलं आहे. माणसांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू, घरं, विहिरी, तळी ही आत्मांगुलाने मोजायची. जीवांच्या शरीरांची उंची उत्सेधांगुलाने.

लहानपणी पाठशाळेत हे पाठ करताना मला वाटायचं, एवढी गुंतागुंत कशाला? आता वाटतं, ही गुंतागुंत नाही, ही समज आहे. काही मापं माणसाच्या अंगाची असतात आणि काही सगळ्यांमध्ये समान असावी लागतात. मुखवस्त्रिकेचंच घ्या. आपल्याकडे ती एकवीस अंगुलं लांब आणि सोळा अंगुलं रुंद कापून तिचे आठ पदर करतात. मूर्तिपूजक परंपरेत एक वीत आणि वर चार बोटं, म्हणजे सोळा अंगुलांचा चौकोन. ही वीत ज्याची मुहपत्ती त्याची. दुसऱ्याच्या हाताने मोजली तर तोंडाला नीट बसणार नाही. घरी मुहपत्ती कापणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवावं लागत नाही.

गोधडीचंही अर्धं काम आत्मांगुलाचं आहे. आपल्या जुन्या गोधड्यांना पट्टी कुठे होती? तान्ह्याचं दुपटं हाताने, मोठ्यांची गोधडी पुरुषभर लांब. खाली-वर लुगडं, मध्ये जुनं धडुतं, कडेने धावदोरा घालत आत यायचं. चिंध्यांचे चौकोन लावायचे तर पहिला तुकडा विती-बोटांनी कापायचा आणि बाकीचे त्याच्यावर ठेवून कापायचे. त्या चौकोनाचा इंच किती, हे कोणाला माहीत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. एकमेकांशी जुळले की झालं. खाली कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका त्यांची कवंदी शिवतात, त्यात तर एकसारखे चौकोनच नसतात. कडेपासून सुरुवात करतात, तुकडा ठेवत, दुमडत, टाके घालत गोल फिरत मध्याकडे येतात. पट्टीच लागत नाही, आणि त्या कवंद्या फार देखण्या असतात. तेव्हा काटकोनाची गोधडीच खरी, असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण चौकोनाची करायची ठरवली तर मग चौकोन चौकोनच हवा.

आपल्या आज्यांच्या पद्धतीत एक मोठी खुबी होती, तीही सांगते. सगळे तुकडे पहिल्या तुकड्यावरूनच कापायचे. दुसरा पहिल्यावरून, तिसरा दुसऱ्यावरून, चौथा तिसऱ्यावरून असं केलं तर प्रत्येक वेळी दोऱ्याएवढा फरक पडत जातो आणि विसावा तुकडा पहिल्याला ओळखत नाही. म्हणून पहिला तुकडा बाजूला जपून ठेवायचा, तो गोधडीत लावायचा नाही. पुढे वाचनात आलं की आपल्या देशाच्या वजनमापांची रचनाही अशीच आहे. मूळ प्रमाण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत, त्यावरून संदर्भ प्रमाणं, त्यांवरून दुय्यम, त्यांवरून निरीक्षकाच्या हातातली कामाची प्रमाणं, आणि त्यांवरून दुकानदाराची मीटरपट्टी तपासून शिक्का मारायचा. खालचं माप नेहमी वरच्याशी ताडून पाहायचं, शेजारच्याशी नाही.

मात्र कापड विकत घ्यायचं असेल तर आत्मांगुल चालत नाही, कारण तिथे दोन माणसं आली. पूर्वी आपल्या भागात कापड हाताने आणि गजाने विकलं जायचं. मुंबईकडच्या जुन्या कोष्टकात सोळा तसूंचा हात, म्हणजे अठरा इंच, आणि चोवीस तसूंचा गज, म्हणजे सत्तावीस इंच. तसू गेला, पण "तसूभरही हलणार नाही" असं आपण अजून म्हणतो. उत्तरेकडे इलाही गज होता, तो इंग्रजांनी तेहतीस इंचांचा धरला. इंग्रजी यार्ड, म्हणजे आपला वार, छत्तीस इंचांचा. नाव एकच 'गज' आणि लांबी गावागणिक वेगळी. नऊवारी लुगडं नऊ वारांचं, म्हणजे ३२४ इंच. जुन्या हिशेबात तेच अठरा हात, किंवा मुंबईच्या गजाने बरोबर बारा गज. ज्याला हे कोष्टक पाठ तो फसणार नाही, आणि ज्याला पाठ नाही त्याला फसवणं किती सोपं!

म्हणूनच श्रावकाच्या तिसऱ्या व्रतात, अदत्तादानाच्या त्यागात, मापाचा वेगळा उल्लेख आला असावा असं मला वाटतं. रोज प्रतिक्रमणात आपण पाच अतिचार आठवतो: चोरीचा माल घेणं, चोराला मदत करणं, राज्याच्या कायद्याविरुद्ध जाणं, खोटं तोल-माप, आणि चांगल्यात हलकं मिसळणं. यातल्या चौथ्याला आगमात कूडतुल्ल-कूडमाण म्हटलं आहे. तत्त्वार्थसूत्रात त्याचं नाव हीनाधिक मानोन्मान. 'हीन' आणि 'अधिक' हे दोन्ही शब्द मला महत्त्वाचे वाटतात. देताना आखूड गज आणि घेताना लांब गज, असे दोन गज दुकानात ठेवण्याचा तो दोष आहे. पाथर्डी बोर्डाच्या परीक्षा दिलेल्या मैत्रिणींनी हे सगळं पाठ केलं आहे. पण व्रत घेणारे बहुतेक व्यापारी होते, हे लक्षात ठेवून वाचलं की त्या यादीतला प्रत्येक शब्द दुकानाच्या गादीवर बसवलेला दिसतो. गंमत म्हणजे 'मान' म्हणजे माप आणि 'मान' म्हणजे अहंकारही. शिंप्याची 'माया' म्हणजे शिलाईला सोडलेलं जास्तीचं कापड, आणि चार कषायांतली 'माया' म्हणजे कपट. शिंप्याची माया पाव इंचाची ठेवावी, दुसरी अजिबात नको, असं मी मंडळात म्हणते तेव्हा सगळ्या हसतात.

माझ्या सासऱ्यांच्या दुकानात लोखंडी गज होता. कापड मोजताना ते ताणायचे नाहीत, गजावर नुसतं ठेवायचे, आणि कात्री लावताना दोन बोटं पुढे लावायचे. ताणून मोजलेलं कापड घरी जाऊन आखूड होतं, एवढंच ते सांगायचे. सगळीच दुकानं तशी नव्हती, हेही आपण मान्य करायला हवं.

आपल्याच तालुक्याचा इतिहास आहे. शिरूर, म्हणजे घोडनदी, इंग्रजांच्या छावणीचं गाव. छावणी आली तशी पेठ वाढली आणि मारवाडी-गुजर व्यापारी स्थिरावले. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापोटी एका देशमुखांच्या घरावर कोर्टाचा हुकूमनामा आणला. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांची जमीन कसायची नाही. न्हाव्या-धोब्यांनीही काम बंद केलं. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे इथे दंगल पेटली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा दौंडसारखंच भीमथडी तालुक्यात होतं. दंगल नगर जिल्ह्यात पसरली, तीसहून जास्त गावांपर्यंत पोचली. लोकांना सर्वांत आधी हवी होती ती कर्जखतं आणि वह्या, आणि त्या त्यांनी जाळल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

सगळे सावकार जैन नव्हते आणि सगळे जैन सावकार नव्हते. दंग्याची मुळं सारावाढ, कापसाचे पडलेले भाव आणि कर्ज यांत होती, गजात नव्हती. तरीही मला हा प्रसंग आपल्या घरांत बोलला जात नाही याचं वाईट वाटतं. वही खरी आहे की नाही हे कुळाला वाचता येत नव्हतं. अंगठा उठवणाऱ्याला आपण कशावर अंगठा उठवतो ते कळत नव्हतं. ज्या मापाची तपासणी समोरच्याला करता येत नाही ते माप कितीही खरं असलं तरी त्याच्यावर विश्वास कसा बसणार? प्रतिक्रमणात कूडमाण म्हणणारी आपली माणसं आणि वहीला काडी लावणारा शेतकरी, दोघंही एकाच बाजारात उभे होते.

समोरच्याला तपासता येईल असं माप हळूहळू आलं. १८६० पर्यंत रेल्वे दौंडवरून सोलापूरपर्यंत गेली होती, आणि १८७८ मध्ये दौंड–मनमाड फाटा सुरू झाला. मिलचं कापड गठ्ठ्यांनी येऊ लागलं. १८८९ साली दोन कायदे झाले. एकाने वाराची लांबी हिंदुस्थानासाठी कायद्याने ठरवली. दुसऱ्याने, व्यापारचिन्हांच्या कायद्याने, लांबीवर विकल्या जाणाऱ्या ताग्यावर तो किती वार आहे याचा आकडा छापणं बंधनकारक केलं. जुन्या ताग्याच्या टोकाला तो शिक्का ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल. आता गिऱ्हाईक निदान ताग्याचा आकडा स्वतः पाहू शकत होतं.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजनमापांच्या प्रमाणांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-मीटर आले, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला दुकानातला गज बदलून मीटरपट्टी आली. त्याच सुमारास, १९५९ मध्ये, इंग्रजी भाषिक देशांनी आपसांत यार्ड अगदी ०.९१४४ मीटर ठरवला, म्हणून इंच बरोबर २५.४ मिलिमीटर झाला. आमच्या पिढीने शाळेत सेंटिमीटर शिकले आणि घरी वार ऐकला. आजही ब्लाउजचं कापड मीटरने घेतो आणि छाती-कंबर इंचांत सांगतो. गोधडीत नेमका इथेच घोळ होतो.

साडेबारा इंच म्हणजे ३१.७५ सेंटिमीटर. एखादी सेंटिमीटरची पट्टी घेऊन "बत्तीस धरू" म्हणते. प्रत्येक चौकोनात अडीच मिलिमीटर वाढले, आठ चौकोनांत दोन सेंटिमीटर. म्हणून पहिला नियम: एका गोधडीला एकच परिमाण आणि एकच पट्टी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दोन चांगल्या कंपन्यांच्या पट्ट्यांतही रेघेच्या जाडीएवढा फरक असू शकतो. मंडळात चौघी मिळून कापणार असाल तर चौघींच्या पट्ट्या आधी एकावर एक ठेवून रेघा जुळवून पाहा.

कापडी टेपने चौकोन कापू नका. तो वापरून ताणतो, आणि कोणाचा किती ताणला आहे ते कळत नाही. शाळेच्या प्लॅस्टिक फूटपट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत असतो, हेही विसरायला होतं. शिंप्याची स्टीलची एल आकाराची पट्टी आपल्या गावात सहज मिळते आणि काटकोनासाठी ती उत्तम आहे. मात्र ती आरपार दिसत नाही, त्यामुळे खालची शिलाई कुठे आहे ते कळत नाही. म्हणून आता जाड पारदर्शक ॲक्रिलिकच्या पट्ट्या निघाल्या आहेत. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली गोल पात्याचा रोटरी कटर आणला, त्यानंतर या पट्ट्यांची चाल वाढली, कारण गोल पातं पट्टीच्या कडेने एका दमात फिरतं. चौकोनापेक्षा पट्टी मोठी किंवा तेवढीच हवी. साडेबारा इंचांच्या चौकोनाला साडेबारा किंवा पंधरा इंचांची चौरस पट्टी घ्या. सहा इंचांची घेऊन सरकवत बसलात तर प्रत्येक सरकवणीत चूक शिरते. तिच्यावर पंचेचाळीस अंशांची तिरकी रेघ आहे ना, ते पाहून घ्या. रेघा बारीक हव्यात. पहिली घ्यायची तर ही एकच घ्या. सहा बाय चोवीस इंचांची लांब पट्टी पुढच्या वेळी. बाकीच्या आकारांच्या डझनभर पट्ट्या दुकानदाराच्या फायद्याच्या, आपल्या कपाटातला परिग्रह.

कापायच्या आधी चौकोन इस्त्रीने दाबा, फिरवू नका. इस्त्री ओढली की उरेब बाजू ताणली जाते. कापड गार होऊ द्या. मग पट्टीची तिरकी रेघ चौकोनाच्या कर्णावर बसवा, मध्य मध्यावर आणा. चारही बाजूंना थोडं-थोडं कापड पट्टीबाहेर दिसलं पाहिजे. उजवी आणि वरची बाजू कापा. चौकोन अर्धा फिरवा, आता कापलेल्या दोन बाजू पट्टीच्या साडेबाराच्या रेघांवर बसवा आणि उरलेल्या दोन कापा. कापडाची कड रेघेच्या आत की रेघेखाली, एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. त्रिकोणांची टोकं असलेली नक्षी असेल तर टोकापासून कडेपर्यंत पाव इंच शिल्लक आहे ना ते आधी पाहा, नाहीतर शिवल्यावर टोक मायेत गडप होतं.

आणि सगळे चौकोन कापायच्या आधी सगळ्यात लहान कोणता ते शोधा. त्याला ताणून साडेबारा करायचा मोह होतो. तो करू नका. बाकीचे सगळे त्याच्या मापाला आणा. सव्वाबाराची गोधडी सुंदर दिसते, ताणलेली साडेबाराची पहिल्या धुण्यात रडते. फार कमी असेल तर तो एक चौकोन उसवून पुन्हा शिवा.

रोटरी कटर नको असेल, आणि घरात लहान मुलं असतील तर तो नसलेलाच बरा, तर जाड पुठ्ठ्याचा साडेबाराचा नमुना गुण्या लावून कापा, दोन्ही कर्ण तपासा, आणि आज्यांसारखा जपून ठेवा. पुठ्ठ्याची कड खडूने आणि कात्रीने झिजते. दहा-बारा चौकोनांनंतर कर्ण पुन्हा मोजा.

हे सगळं घरच्या गोधडीला थोडं कमी-जास्त चालतं. पण आपल्यातल्या कितीतरी जणी आता ऑर्डरी घेतात. दौंडची माझी भाची गेली चार वर्षं सुती गोधड्या करून पाठवते, रेशमाचा तुकडा तिच्या कामात कधीच नसतो. ती चौकोनांची बेरीज करून "६० बाय ९०" लिहायची. पण अस्तर आणि मधला थर घालून धावदोरा मारला की गोधडी आत ओढली जाते, आणि धुतली की सुती कापड आणखी आटतं. तिला मी म्हटलं, अगं, तू ताणून मोजते आहेस. तिला लगेच पटलं. आता ती कापड आधी धुवून घेते, कडेला एक जादा पट्टी लावते, आणि गोधडी पूर्ण झाल्यावर एकदा धुवून, वाळवून, गादीवर नुसती पसरून मोजते. तिच्या चिठ्ठीवर आता माप इंचांत आणि सेंटिमीटरमध्येही असतं, आणि शेजारी लिहिलेलं असतं: धुतल्यानंतरचं.